फळ्यावरची फळी : डावपेचाचा चुंबकी फळा आणि काँटे यांची चेल्सी

गेल्या पावसाळ्यात मी एक चुंबकी फळा मागवला. त्यावर फुटबॉलच्या मैदानाचे चित्र आहे, तो मधोमध दुमडतो, आणि त्यासोबत लाल व निळ्या रंगाच्या प्रत्येकी अकरा सोंगट्या, चेंडू म्हणून एक पिवळी टिकली, पुसता येणारे पेन आणि चेनची पातळ पिशवी येते. सगळा संच साडेनऊशे रुपयांना पडला. विकणाऱ्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण याच साच्याचे फळे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि पुढे सांगितलेले गुणदोष त्यांतील बहुतेकांना लागू पडावेत. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या लहान संघाला मी संध्याकाळी शिकवतो, आणि मैदानावर काठीने मातीत रेघा ओढून जे समजावता येत नव्हते ते या फळ्यावर समजावता येईल का, एवढाच माझा प्रश्न होता.

अशा वस्तूची परीक्षा ४-४-२ (मागे चार, मध्ये चार, पुढे दोन) मांडून होत नाही. तेवढे काम चहाच्या कपांनीही होते. खरी परीक्षा अशी, की एखाद्या प्रशिक्षकाने रचनेत केलेला बदल प्रतिस्पर्ध्याला नेमका कुठे बोचला, हे सोंगट्या सरकवून दाखवता येते का. त्यासाठी मी अँटोनियो काँटे या इटालियन प्रशिक्षकाच्या चेल्सी या लंडनच्या संघाचा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला २०१६-१७ चा हंगाम निवडला. हा बदल सामना सुरू असताना, ठरावीक मिनिटाला, एका खेळाडूच्या जागी दुसरा आणून झाला, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी शेजारी मांडता येते. शिवाय पुढच्या आठ महिन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी त्यावर शोधलेली उत्तरेही याच फळ्यावर तपासता येतात.

२४ सप्टेंबर २०१६ रोजी आर्सेनलच्या मैदानावर चेल्सी पूर्वार्धातच ०-३ अशी मागे पडली होती. सांचेझ, वॉलकॉट आणि ओझिल यांचे तीनही गोल मध्यंतराआधीचे. तोवर चेल्सी चार बचावपटूंनिशी खेळत होती. ५५ व्या मिनिटाला काँटे यांनी सेस्क फाब्रेगास या मधल्या फळीतील खेळाडूला बाहेर बोलावून मार्कोस अलोन्सो या डाव्या बगलेच्या खेळाडूला आत पाठवले आणि मागे तीन बचावपटू ठेवले. सामना ०-३ असाच संपला, त्यामुळे त्या संध्याकाळी या बदलात कुणाला फारसे काही दिसले असेल असे वाटत नाही. सहा सामन्यांत दहा गुण झालेली चेल्सी तेव्हा अग्रस्थानावरच्या मँचेस्टर सिटीपेक्षा आठ गुणांनी मागे होती.

पुढच्या शनिवारी हलविरुद्ध काँटे यांनी तीच रचना सुरुवातीपासून मांडली आणि सामना २-० असा जिंकला. तिथून लीगमधले लागोपाठ तेरा सामने चेल्सीने जिंकले. त्यांतल्या पहिल्या सहा सामन्यांत तिने १७ गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. तेरा सामन्यांचा एकूण हिशेब ३२ गोल केले, चार स्वीकारले असा आहे. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, पण त्यांवरून प्रतिस्पर्ध्याची नेमकी अडचण कळत नाही. ती कळण्यासाठी मी फळा उघडला.

निळ्या सोंगट्या चेल्सीच्या. मागे अस्पिलिक्वेटा, मधोमध दाव्हिद लुईझ, डावीकडे केहिल. त्यांच्या पुढे काँते आणि मॅटिच ही जोडी. (प्रशिक्षक काँटे आणि खेळाडू काँते यांच्या नावांनी आमच्या मुलांचा पहिला आठवडा गोंधळात गेला, हे जाता जाता सांगतो.) उजव्या रेषेला चिकटून व्हिक्टर मोझेस, डाव्या रेषेला अलोन्सो. पुढे मध्यभागी दिएगो कोस्टा, त्याच्या एका अंगाला एडन हझार्ड आणि दुसऱ्या अंगाला पेद्रो. गोलरक्षक कूर्तुआची सोंगटी मी बहुतेक वेळा बाजूलाच ठेवली. लाल सोंगट्या त्या काळच्या इंग्लंडमधील नेहमीच्या रचनेत, म्हणजे मागे चार, त्यांच्यापुढे दोन, मग तीन आणि टोकाला एकटा आघाडीपटू.

आता चेंडू चेल्सीकडे द्यावा आणि दोन्ही बगलांच्या सोंगट्या प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या रेषेपर्यंत पुढे सरकवाव्यात. पुढे पाच निळ्या, समोर चार लाल. हे मोजणे सोपे आहे, मात्र पाच विरुद्ध चार एवढेच सांगितले तर बदलाचा अर्धाही अर्थ लागत नाही. हझार्डची सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या बगलेचा बचावपटू आणि त्याच्या शेजारचा मधला बचावपटू यांच्यामधल्या फटीसमोर उभी असते, आणि अलोन्सो त्याच बगलेच्या बचावपटूच्या बाहेर, रेषेवर. तो बचावपटू अलोन्सोला अडवायला बाहेर गेला की हझार्डसमोरची फट रुंदावते. तो हझार्डसाठी आत थांबला तर अलोन्सोला चेंडू घेऊन मान वर करून क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर उंच पास, टाकण्याइतकी सवड मिळते. म्हणजे त्या एका लाल सोंगटीने काहीही केले तरी चूकच ठरते, आणि ही चूक त्याच्या कौशल्याची नसून त्याला सोपवलेल्या कामाचीच असते. मी हे मुलांसमोर मांडले तेव्हा आमच्या उजव्या बगलेला खेळणारा मुलगा ती लाल सोंगटी उचलून बराच वेळ हातात धरून बसला. ती ठेवायला त्याला जागाच सापडेना.

इथे हा फळा दूरदर्शनवरील प्रक्षेपणापेक्षा निश्चित सरस ठरतो. कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि काँटे यांच्या रचनेचा सगळा त्रास चेंडूपासून दूर, पलीकडच्या रेषेवर घडत असतो. दाव्हिद लुईझ मागून लांब तिरका पास उचलून देतो तेव्हाच पलीकडचा विंग बॅक, म्हणजे अख्खी बगल सांभाळणारा खेळाडू, पडद्यावर येतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की तो आत्ताच तिथे पोहोचला. फळ्यावर तो आधीपासून तिथे उभा असतो.

बचावफळीला मदत म्हणून प्रतिस्पर्ध्याचा विंगर, म्हणजे बगलेवरून चढाई करणारा खेळाडू, अलोन्सोमागे धावत मागे येऊ शकतो, आणि अनेक संघांनी तसे केलेही. सोंगटी सरकवून पाहावे: मागे पाच लाल झाल्या, हिशेब जुळला. पण तो विंगर आता स्वतःच्या कॉर्नरच्या झेंड्याजवळ उभा आहे, आणि चेंडू हिसकावल्यावर पुढे पाठवायला त्याच्या संघात टोकाचा एकटा आघाडीपटू उरला आहे, ज्याच्याभोवती चेल्सीचे तीन बचावपटू आणि त्यांच्यापुढे काँते व मॅटिच अशा पाच निळ्या सोंगट्यांचा वेढा आहे. चेल्सी पाच जणांनी चढाई करते आणि उरलेले पाच मागे ठेवते, त्यामुळे चेंडू हरवल्यावरही ती उघडी पडत नाही. प्रतिस्पर्ध्याला आपला गोल वाचवण्यासाठी स्वतःची प्रतिचढाई सोडून द्यावी लागते. त्या सहा सामन्यांत चेल्सीवर एकही गोल का झाला नाही, याचे उत्तर मला कूर्तुआ किंवा केहिल यांच्यापेक्षा या देवाणघेवाणीत जास्त सापडते.

ही पाचांची आघाडी पाहून जुन्या फुटबॉलची आठवण होते. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाल्यावर आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या खेळाडूला बचावफळीत ओढून मागे तीन, मग दोन, मग दोन आणि पुढे तीन अशी रचना रूढ केली. ती फळ्यावर मांडून आतल्या दोन आघाडीपटूंना थोडे पुढे ढकलले की काँटे यांच्या चढाईचेच चित्र उमटते. काँटे यांना ते अभिप्रेत होते असे माझे म्हणणे नाही. त्यांची तीन बचावपटूंची सवय इटलीतली होती. युव्हेंटस आणि इटलीच्या राष्ट्रीय संघात त्यांनी बार्झाली, बोनुची आणि किएलिनी यांच्या त्रयीवर खेळ उभा केला होता. फरक असा की तिथे टोकाला दोन आघाडीपटू होते, आणि चेल्सीत हझार्डसारखा खेळाडू असल्यामुळे टोकाला एक आणि त्याच्यामागे मोकळे दोन असा बदल झाला. उसनी आणलेली रचना हाताशी असलेल्या माणसांच्या मापाने पुन्हा शिवणे, ही काँटे यांची खरी करामत.

आता वस्तूच्या दोषांकडे येतो, कारण ते डावपेचाशीच निगडित आहेत. रेषांच्या आतले मैदान ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद आहे. खरे मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे फळ्यावरचे मैदान लांबीच्या मानाने जास्त रुंद आहे, आणि त्यावर बगलेचा बचावपटू व मधला बचावपटू यांच्यातील अंतर खऱ्यापेक्षा मोठे भासते. दुसरीकडे सोंगटीचा व्यास तीन सेंटिमीटर आहे, म्हणजे मैदानाच्या मापात जवळजवळ पाच मीटर. इतका रुंद बचावपटू अजून जन्माला यायचा आहे. एका दोषाने फट फुगते आणि दुसऱ्याने ती बुजते. ज्या डावपेचाचा जीव त्या फटीत आहे, त्याला असा फळा शिकाऊ शिंप्याच्या फूटपट्टीसारखा वाटतो. मी शेवटी सोंगट्यांऐवजी शर्टाची बटणे वापरली. ती चुंबकी नसल्यामुळे फळा आडवा ठेवावा लागला, पण हझार्डची जागा पहिल्यांदा नीट दिसली.

चुंबकही कमकुवत आहेत. फळा भिंतीला टेकवून उभा केला की दहा मिनिटांत बचावफळी हळूहळू घसरत खाली येते, आणि नेमकी तीच गोष्ट मुलांना करू नका म्हणून सांगायची असते. सोंगट्यांवरचे आकडे पेनच्या शाईबरोबर पुसले जातात. मागच्या बाजूला अर्ध्या मैदानाचे मोठे चित्र आहे, ते मात्र उत्तम. पाच विरुद्ध चार दाखवायचे असेल तर तीच बाजू वापरावी.

मोठा दोष असा, की सगळ्या सोंगट्या सारख्या असतात. चेल्सीच्या रचनेत माणसे सारखी नव्हती. मोझेस हा मूळचा विंगर, तीन हंगाम लिव्हरपूल, स्टोक आणि वेस्ट हॅम या संघांकडे उसना दिलेला. संपूर्ण उजवी बगल एकट्याने वर-खाली पळण्याचे काम त्याच्या सवयीचे नव्हते, आणि तेच त्याला जमले. दाव्हिद लुईझ अंगावर धावून जाण्याच्या खोडीमुळे बदनाम होता. त्याच्या दोन्ही बाजूंना पाठराखे दिल्यावर तीच खोड झाकली गेली आणि त्याचे लांब पास तेवढे उरले. काँते तर एका सोंगटीत मावतच नाही. दोन जणांची मधली फळी प्रतिस्पर्ध्याच्या तीन जणांपुढे कमी पडायला हवी, फळ्यावर ती कमी पडतेच, आणि मैदानावर ती पडली नाही, याचे कारण हा माणूस दोन ठिकाणी असल्यासारखा पळत होता. मुलांना हे सांगताना मी एका निळ्या सोंगटीच्या जागी दोन ठेवल्या; त्यांना ते लगेच पटले, आणि तोवर गप्प बसलेल्या एकाने विचारले, "सर, मग समोरच्यांनी पण पाचच मागं ठेवले तर?"

प्रतिस्पर्ध्यांनाही हाच प्रश्न पडला होता. ५ नोव्हेंबर रोजी एव्हर्टनचे रोनाल्ड कूमन चेल्सीच्या मैदानावर तीन बचावपटूंची रचना घेऊन आले. फळ्यावर ती आरशातल्या प्रतिमेसारखी दिसते: प्रत्येक निळ्या सोंगटीसमोर एक लाल. कागदावर सर्व जुळलेले, आणि प्रत्यक्षात मध्यंतरापर्यंत ०-३. त्याआधीच कूमन यांनी ती रचना मोडून चार बचावपटूंकडे माघार घेतली होती. सामना चेल्सीने ५-० असा जिंकला. माझ्या मते त्या हंगामातला सर्वांत बोलका सामना हाच. नक्कल केल्याने पाच विरुद्ध चार हा हिशेब मिटतो, पण त्याच्या जागी मैदानभर एकास एक अशा जोड्या लागतात, आणि जोडी लागली की हझार्डसमोर उभा असणारा माणूस हझार्डला अडवू शकतो का, एवढाच प्रश्न उरतो. चेल्सीला पाठांतर झालेल्या हालचाली एव्हर्टनला सामन्यात पहिल्यांदा कराव्या लागत होत्या. ३ डिसेंबरला मँचेस्टर सिटीनेही घरच्या मैदानावर तीन बचावपटू ठेवून पाहिले, केहिलच्या स्वयंगोलाने आघाडीही घेतली, डी ब्रुइनने मोकळ्या गोलसमोरून चेंडू आडव्या दांडीवर मारला, आणि मग कोस्टा, विलियन व हझार्ड यांनी प्रतिचढाईवर सामना ३-१ असा फिरवला. हा निकाल मात्र कुठल्याही फळ्यावर आधी मांडता आला नसता.

नक्कल साधली ती टॉटनहॅमला, ४ जानेवारी २०१७ रोजी. चेल्सी तो सामना जिंकती तर लागोपाठ चौदा विजयांच्या आर्सेनलच्या २००२ मधील विक्रमाशी बरोबरी झाली असती. टॉटनहॅमच्या बचावफळीत डायर, आल्डरवेरेल्ड आणि व्हर्टोंगेन हे तिघेही चेंडू सहज खेळवणारे होते आणि बगलांना वॉकर व रोझ होते, त्यामुळे त्यांना ही रचना परकी नव्हती. दोन्ही गोल जवळजवळ एकसारखे झाले: एरिक्सनचा उजवीकडून आलेला क्रॉस आणि लांबच्या खांबाजवळ डेले अलीचे डोके. फळ्यावर हे दोन गोल मांडताना मला पहिल्यांदा काँटे यांच्या रचनेतली शिवण दिसली. चेल्सीच्या उजव्या बाजूला मोझेस विंगर होता, जन्माचा बचावपटू नव्हे, आणि त्याच्या शेजारचा अस्पिलिक्वेटा हुशार असला तरी उंचीने बेताचा. मधल्या फळीतून उशिरा धावत येणारा उंच खेळाडू त्या दोघांच्या मध्ये उडी मारतो तेव्हा त्याला कुणी घ्यायचे, हे ठरत नाही. इतके महिने चेल्सी दुसऱ्यांना ज्या पेचात टाकत होती, तोच पेच तिच्यासमोर उभा राहिला.

मुरिन्यो यांनी वेगळी वाट धरली. ऑक्टोबरमध्ये चेल्सीने त्यांच्या मँचेस्टर युनायटेडला ४-० असे लोळवले होते. १६ एप्रिलला ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी हझार्डच्या मागे अँडर हेरेरा या एकाच माणसाला सावलीसारखे लावले आणि पुढे रॅशफर्ड व लिंगार्ड या वेगवान जोडीला चेल्सीच्या तीन बचावपटूंवर सोडले. अलोन्सो आजारपणामुळे ऐनवेळी बाहेर बसला, त्याने चेल्सीची डावी बगल कोलमडली. युनायटेड २-० अशी जिंकली, पहिला गोल रॅशफर्डचा, दुसरा खुद्द हेरेराचा, आणि चेल्सीला गोलच्या रोखाने एकही फटका मारता आला नाही. फळ्यावर हा सामना मांडायला सर्वांत सोपा: लाल सोंगटी निळीला चिकटवावी आणि निळी जाईल तिकडे न्यावी. मुलांना तो फार आवडला. मला तितकासा नाही. पण उपाय लागू पडला हे मान्य करावे लागते.

दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी मिडल्सब्रोविरुद्ध सुमारे वीस वर्षांनी प्रथमच तीन बचावपटू उतरवले. ज्यांच्या विजयातून काँटे यांच्या बदलाचा उगम झाला होता, त्या आर्सेनलनेही अखेर तीच वाट धरावी, हे मला प्रतिस्पर्ध्यांवरील परिणामाचे सर्वांत स्पष्ट माप वाटते. चेल्सीने लीग १२ मे रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे बात्शुआयीच्या ८२ व्या मिनिटाच्या गोलाने जिंकली आणि ३८ पैकी ३० सामने जिंकून ९३ गुणांवर हंगाम संपवला; पण २७ मे रोजी एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आर्सेनलच्या तीन बचावपटूंनी, ज्यांच्या मधोमध त्या हंगामात प्रथमच सुरुवातीपासून खेळणारा मेर्टसॅकर होता, तिला २-१ असे हरवले. ६८ व्या मिनिटाला मोझेसला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले गेले, तेव्हा मी त्याची सोंगटी उचलली आणि उजवी बगल किती मोकळी पडते ते मुलांना दाखवले.

घ्यावा की नाही? एकट्याने सामने पाहून समजून घेणाऱ्याला हा फळा पैसे वसूल करून देतो, कारण प्रक्षेपणात न दिसणारी पलीकडची बगल तो समोर ठेवतो. मुलांना शिकवणाऱ्याला तो पुरेल, मात्र सोंगट्या पहिल्याच दिवशी बदलाव्यात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान चुंबक सुट्टे मिळतात, त्यांना मागून रंगीत कागद चिकटवला की काम भागते. मैदानाचे माप खऱ्या प्रमाणात असलेला फळा थोडा महाग असला तरी तोच घ्यावा, आणि विकत घेण्यापूर्वी लांबी-रुंदी विचारून दीडपटीचा हिशेब करून पाहावा. माझ्याकडचा आता आडवाच असतो, अर्ध्या मैदानाची बाजू वर, आणि त्यावर बटणांची एक उजवी बगल अजून कुठे उभी राहायचे ते ठरवते आहे.